विहिरीचा दावा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने माझ्या वडिलांवर कोर्टात दावा लावला, आणि दावा चालू असताना तो आमच्याच वरच्या मजल्यावर राहत होता. हे कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग तुम्ही त्याला काढलं का नाही? आई त्यांना रोज भाजी पाठवायची. कोर्टाच्या तारखेला ते आणि बाबा एकाच स्कूटरवरून जायचे. सिंदी मेघेतली आमची अख्खी गल्ली त्या दिवशी फाटकाशी उभी राहायची आणि मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

ते अग्निशमन दलात होते. गल्लीतली मुलं त्यांना बंबवाले काका म्हणायची, म्हणून आम्हीही. एका आगीत त्यांची डावी मिशी जळाली होती, ती पुन्हा नीट उगवलीच नाही. उजवी मात्र भरघोस. लोक म्हणत, काढून टाका दोन्ही. ते म्हणत, "डावी ड्युटीवर गेली. येईन वापस." हळू बोलणं त्यांना माहीत नव्हतं. वरून त्यांनी कोणाला फोन केला की खाली आम्हाला पूर्ण बातमी कळायची.

कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात. "वहिनी, गॅसची नळी कधी बदलली?" हे विचारल्याशिवाय चहाचा कप हातात घेत नसत. देवळीला आमच्या नात्यातल्या एका लग्नात आईने त्यांना आग्रहाने नेलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि हे मंडपाच्या दारात लावलेल्या मोटारसायकली एकेक करून बाहेर ढकलायला लागले. नवरदेवाचा मामा धावत आला.

"काय करून राह्यले जी तुम्ही?"

"वाट मोकळी करून राह्यलो. हजार माणूस आत, अन् बाहेर जायले एक दार. तेही तुम्ही बुजवलं."

"अहो, लग्न आहे इथं!"

"म्हणूनच तं लोकं जास्त हायेत."

अक्षता टाकायच्या सोडून लोक आमच्याकडे बघत होते. मी आईच्या मागे लपले. ते मात्र शेवटची गाडी हलवून रुमालाने घाम पुसत पंगतीला येऊन बसले, आणि जिलबी मागून घेतली.

ते दर वेळी बरोबरच असत असं नाही. एका वर्षी वारा फिरला म्हणून त्यांनी गल्लीची होळी नैवेद्य दाखवायच्या आधीच विझवली. वारा पाच मिनिटांत पडला. बायका ओल्या राखेसमोर पुरणपोळीची ताटं घेऊन उभ्या. त्यांनी माफी मागितली नाही. "पडला नसता तं?" एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. गल्लीने तो महिना त्यांच्याशी बोलणं टाकलं, तेही त्यांच्या फारसं लक्षात आलं नसावं.

माझे वडील शाळेत गणिताचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात लोक वाकून नमस्कार करायचे. बाबांना संध्याकाळच्या आधी अंगणातला पाला गोळा करून पेटवायची सवय होती. बंबवाले काका वरच्या कठड्यावरून ओरडायचे, "गुरुजी, पाला जाळू नका. उन्हाळा लागून राह्यला." बाबा म्हणायचे, "भाऊ, चिमूटभर तर पाला आहे." काका खाली येऊन बादलीभर पाणी ओतायचे, बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवायचे. दोघांनाही त्यात गंमत वाटत असावी.

आमचा प्लॉट पूर्वी शेत होता. मागच्या कोपऱ्यात त्या शेतातली विहीर होती, कोरडी पडलेली. मी लहान असताना बाबांनी तिच्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर टिनाचे पत्रे, पत्र्यांवर माती. मातीवर गवत आलं. मला आणि आईला तेवढं माहीत होतं की तिकडे जायचं नाही. पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा ठरला तेव्हा आई म्हणाली होती, येणाऱ्याला विहिरीचं सांगू. बाबा म्हणाले, "कशाला? घरात पडकी विहीर आहे म्हटलं की माणूस दारातूनच परत जाईल. आपण बुजवून टाकू." बुजवायचं राहून गेलं.

एप्रिलमधली दुपार होती. बाबांनी पाला पेटवला आणि चहा प्यायला आत आले. तेवढ्यात वारा सुटला. अंगणातल्या शेडला लागून सरपणाच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, कपाशीच्या वाळलेल्या काड्या. त्याने पेट घेतला आणि मग शेडने. शेजारच्यांनी फोन केला. बंब आला, आणि बंबावरून पहिले उतरले ते आमचेच काका. समोरच्या बोळात आमची स्कूटर आणि शेजाऱ्यांच्या सायकली. ते आत शिरणार तेवढ्यात बाबा फाटकातून ओरडले, "भाऊ, मागून या! मागून जवळ पडेल!"

ते पाइप खांद्यावर घेऊन घरामागे वळले. मी अंगणात उभी होते. टिनाचा मोठा आवाज झाला. मी पाहिलं तर माणूस नव्हता, नुसता पाइप जमिनीत ओढला जात होता.

बंबावरचे बाकीचे आग सोडून त्यांना काढायला धावले. शिडी आत सोडावी लागली. तोवर शेड पूर्ण जळालं. ते वर आले तेव्हा शुद्धीत होते, पाय भलतीकडे वळला होता, आणि ते ओरडत होते, "मले सोडा, पाणी मारा पह्यले! पाणी मारा!"

पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला, कंबरही सरळ राहिली नाही. दवाखान्यात बाबा त्यांना भेटायला गेले, मी आणि आई सोबत होतो. बाबांनी जाताना पपई घेतली होती. मला वाटतं बाबांची अपेक्षा होती की काका म्हणतील, चालायचंच गुरुजी, आमचं कामच आहे. आम्हा सगळ्यांचीच ती अपेक्षा होती.

काकांनी पपईकडे पाहिलं नाही. "गुरुजी, तिथं विहीर होती?"

"जुनी होती. बुजवायची राहिली."

"तुम्हाले माहीत होतं?"

"माहीत कसं नसेल, भाऊ?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

बाबा पलंगाच्या दांडीवर बोट फिरवत राहिले. "घाईत सुचलं नाही," असं काहीतरी म्हणाले. मग म्हणाले, "मला माफ करा."

"माफी नको, गुरुजी," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा, शेजारच्या खाटांवरचे रोगी वळून बघायला लागले. "माफीनं गुडघा वाकत नाई. मी दावा लावीन. भरपाई पाहिजे मले."

आईला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलत आहेत. ते बरे होऊन जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी वर चढले, आणि पुढच्याच आठवड्यात बाबांच्या नावाने नोटीस आली.

लोकांनी त्यांना काय नाही म्हटलं! त्यांच्या दलातलेच लोक येऊन समजावून गेले. सीमेवरचा जवान जखमी झाला तर दावा लावतो का? खात्याने उपचार केला, टेलिफोनवर बसायची हलकी ड्युटी दिली, आणखी काय हवं? त्यांच्या सोबत्यांनाच त्यांची लाज वाटत होती. आगीत पोळलेल्या माणसाला मान असतो. हे विहिरीत पडले होते. मागून त्यांना 'विहीरवाले' म्हणत. काकांचं सगळ्यांना एकच उत्तर: "खात्यानं आगीचं देल्लं. विहिरीचं कोण देईन?"

गल्लीने बाबांना सांगितलं, आधी त्याला घराबाहेर काढा. बाबांनी काढलं नाही. जखमी माणसाला काढलं तर आपण कसे दिसू, हा विचार त्यात होता, हे मी नाकारत नाही. पहिल्या तारखेच्या दिवशी रिक्षा मिळेना. काका फाटकाशी काठी टेकून उभे, बाबा स्कूटर बाहेर काढत होते.

"कोर्टातच चालले ना भाऊ?" बाबांनी विचारलं.

"तिथंच."

"बसा मग."

तेव्हापासून तो नेमच झाला. ताठ पाय बाजूला काढून काका मागे आडवे बसायचे. वादी आणि प्रतिवादी एका गाडीवरून उतरताना पाहून दोन्ही वकील डोक्याला हात लावायचे.

बाबांचा वकील त्यांचाच जुना विद्यार्थी. कोर्टातले दोन कारकूनही. बाबा आत गेले की लोक खुर्ची सोडून उठत. त्याच खोलीत काकांची उलटतपासणी झाली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते.

"आग विझवायला जाता तेव्हा इजा होऊ शकते, हे तुम्हाला नोकरीला लागतानाच माहीत होतं ना?" आमच्या वकिलाने विचारलं.

"माहीत होतं."

"तो धोका तुम्ही स्वतःहून पत्करला?"

"पत्करला जी."

"मग तक्रार कशाची?"

"आगीची नाई," काका न्यायाधीश बाईंकडे वळून म्हणाले. "अंगावर शेड पडलं असतं तं मी बोललो नसतो. धूर लागला असता, नसतो बोललो. आग दिसते, बाईसाहेब. तिले पाहून आपण आत जातो. हे विहीर कोणी झाकून ठेवली होती. अन् ज्यानं झाकली त्यानंच रस्ता दाखवला."

बाबा आपल्या चपलांकडे बघत होते.

त्यानंतर वकील आमच्याकडे आले. बैठकीत बसून, आवाज खाली आणून म्हणाले, "सर, एकच गोष्ट आपल्याला वाचवते. ते वरच राहतात. इतकी वर्षं राहतात. त्यांना विहिरीचं माहीत होतं, तुम्ही स्वतः सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं." डोक्यावर काकांची काठी इकडून तिकडे वाजत होती. आईने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली. वकिलांनी तिच्याही नावाने तेच सांगणारा साक्षीचा कागद तयार केला, त्यांनी दाखवलं तिथे तिने सही केली.

बाबांची पाळी आली. काकांच्या वकिलाने विचारलं, मागे विहीर आहे हे वादीला माहीत होतं का?

"होतं," बाबा म्हणाले. वर्गात फळ्यावर उत्तर सांगावं तसं, स्पष्ट. "घर भाड्याने देतानाच मी सांगितलं होतं."

मी दवाखान्यातली ती खाट आठवत होते. काका सुद्धा आठवत असतील. ते ओरडले नाहीत, हीच गोष्ट मला असह्य झाली. सगळ्या जगावर ओरडणारा माणूस बाबांकडे नुसता बघत राहिला. कारकून, वकील, बाबांचे ते सगळे विद्यार्थी, सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार अशा चेहऱ्याने बसले होते. माझे कान तापले. मला तिथून उठून जायचं होतं.

बाहेर बाबा स्कूटरवर बसले. मला वाटलं, आज काका बसणार नाहीत. ते आले, पाय बाजूला काढून बसले. बाबांना गाडी चालू होईना. कशीबशी सुरू झाली. निघणार तेवढ्यात मागून काका म्हणाले, "गुरुजी, स्टँड वर करा. पडू दोघंही."

त्या संध्याकाळी भाजीची वाटी घेऊन मी वर गेले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवेना म्हणून दारातच उभी राहिले.

"आत ये व पोरी. शरम काऊन वाटून राह्यली तुले? तू बोलली का काही?"

"माझे वडील आहेत ते, काका."

"हो. म्हणूनच मी वकिलाले नाई म्हटलं. तो म्हणे पोरगी दवाखान्यात होती, तिले साक्षीले बोलवा. म्या म्हटलं, पोरीले बापाच्या समोर उभी नाई करत मी. हरलो तं हरलो." त्यांनी वाटी घेतली, वास घेतला. "वांगं हाय. ठीक."

मी खाली आले. आई चुलत्याच्या शेतातल्या तुरी निवडत बसली होती. काका काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. तिचा हात थांबला.

तिची पाळी पुढच्या तारखेला आली. कोर्टात ती पहिल्यांदाच जात होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती पिंजऱ्यात उभी राहिली. काकांच्या वकिलाने तिचा कागद तिला वाचून दाखवला आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"नाई," आई म्हणाली.

आमचा वकील उठायला लागला. न्यायाधीश बाईंनी हाताने खाली बसवलं.

"त्याइले माहीत नव्हतं," आई म्हणाली. "मी सांगणार होती. यायनी नको म्हटलं. भाडेकरू मिळणार नाई म्हणे. मंग मीही नाई सांगतलं. रोज त्याइची भाजी केली, पण सांगतलं नाई."

तिने बाबांकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. इतक्या माणसांनी ज्यांना वाकून नमस्कार केला ते माझे वडील खुर्चीत बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे. खरं बोललं गेलं याचं मला समाधान वाटायला हवं होतं. मला वाटली फक्त लाज, आणि ती त्यांची की माझी हे वेगळं करता येत नव्हतं.

बाहेर स्कूटरपाशी आई आणि बाबा एकमेकांपासून हातभर लांब उभे. काका काठी टेकत आले. "वहिनी, आज तुम्ही बसा मागं. मी पोरीसंग ऑटोनं येतो."

ऑटोत त्यांनी पाय माझ्या बाजूला लांब केला. मग बोलले, तर आवाज एकदम लहान होता. इतक्या वर्षांत तसा आवाज मी ऐकला नव्हता.

"मले कधी शरम नाई आली, पोरी. लोकं काय काय बोलले. आज येऊन राह्यली. वहिनीले नवऱ्याच्या समोर उभं केलं मी. हरलो असतो तं बरं झालं असतं."

"तुमचं खरं होतं, काका."

"होतं ना. म्हणून तं काही बोलता येत नाई."

निकाल त्यांच्या बाजूने लागला. आगीचा धोका वादीने नोकरीबरोबर पत्करला होता. मालकाने माहीत असून झाकलेल्या विहिरीचा नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. वकील अपील करू म्हणून दोनदा येऊन गेले. बाबांनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. काकांनी भरपाई घेतली, घेताना अजिबात संकोचले नाहीत. तिच्यातून नागपूरला आणखी एक ऑपरेशन करून घेतलं. जिने चढणं जमेना म्हणून मोठी आंजी या बहिणीच्या गावी राहायला गेले. जाताना आईच्या पाया पडले. बाबा त्या वेळी अंगणात होते, आत आले नाहीत.

बाबांनी विहीर मुरमाने बुजवून घेतली, वर सिमेंट टाकलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांचं ते सुरू झालं. घरी जो येईल त्याला ते मागे घेऊन जायचे. नवे भाडेकरू, पोस्टमन, विम्याचा माणूस. सिमेंटच्या त्या चौकोनावर उभं करून सांगायचे, "इथे विहीर होती. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, माणूस पडला. मग मी कोर्टात खोटं बोललो." मला बघायला लोक आले, त्यांनाही नेलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि खिडकीतून मला मुलाचा काका दिसत होता, हे आपल्याला का सांगत आहेत म्हणून गोंधळलेला. आई म्हणाली, "बस करा जी आता." बाबा म्हणाले, "सांगायला पाहिजे."

मी आंजीला काकांना फोन केला. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. "कोणालेही सांगतात?" म्हणाले. "पोस्टमनलेही?" मग फोन ठेवला.

रविवारी ते एसटीने आले, कोणाला न कळवता. आमच्याकडे नळाचं काम चाललं होतं. प्लंबर नवीन होता, बाबांनी त्याला मागे नेलं होतं. काका काठी टेकत सरळ तिकडेच गेले, मी त्यांच्या मागे. बाबांनी त्यांना पाहिलं, पण थांबले नाहीत. पोरगेल्या प्लंबरला म्हणाले, "हेच ते. हे इथे पडले. मी यांना सांगितलं नव्हतं."

प्लंबर एकदा बाबांकडे, एकदा काठीकडे बघायला लागला.

"सांगतलं होतं त्यायनी," काका म्हणाले, नेहमीच्या आवाजात, शेजारपाजारी ऐकू जाईल असं. "फाटकातून ओरडले होते, मागं विहीर हाय म्हणून. आगीचा आवाज होता. मलेच ऐकू नाई आलं."

बाबांचा चेहरा लाल झाला. इतकं चिडलेलं मी त्यांना वर्गातही पाहिलं नव्हतं. त्यांनी काकांचा हात, काठी धरलेला, घट्ट पकडला.

"खोटं बोलू नका, भाऊ," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. प्लंबर पाना तिथेच ठेवून पुढच्या अंगणात निघून गेला. मीही गेले.